चवदार तळे : रूढी, कायदा आणि शील

सावित्री नदीच्या काठी, रायगडाच्या परिसरात वसलेले महाड हे कोकणातले जुने व्यापारी गाव. बंदरावर उतरलेला माल येथून घाटावर जाई आणि घाटावरचा माल खाली येई. गावाच्या ऐन वस्तीत चार-पाच एकरांचे चवदार तळे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते होते आणि रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्ण हिंदूंची, थोडी मुसलमानांची घरे होती. तळ्याचे पाणी हिंदू भरत, मुसलमान भरत, गुरेही तेथे पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना मात्र काठावरही उतरता येत नसे. बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला खेड्यांतून आलेल्या महार-चांभारांना तहान लागली, तर गावाच्या टोकाला महारवाड्यातल्या विहिरीपर्यंत चालत जावे लागे.

हा निर्बंध कोणत्याही छापील कायद्यात नव्हता. तरीही छापील कायद्यांपेक्षा तो अधिक काटेकोरपणे पाळला जाई. १९२७ ते १९३७ या काळात या तळ्यावरून जो संघर्ष झाला, त्यात नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न पणाला लागला : माणसाने कायदा का पाळायचा, कुठवर पाळायचा, आणि तो पाळण्याने किंवा मोडण्याने त्याचे शील घडते की बिघडते? पुस्तकांत हा प्रश्न उदाहरणांतून चर्चिला जातो. महाडात तो हजारो माणसांना उन्हात उभे राहून सोडवावा लागला.

रूढीला कायद्याइतके बळ कसे आले, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. पेशवाईत जातीचे नियम मोडणाऱ्यावर जात बहिष्कार घाले, आणि त्या बहिष्कारामागे दरबार उभा असे. पाप आणि गुन्हा यांत फारसा फरक नव्हता. प्रायश्चित्त आणि दंड एकाच वाटेने येत. १८१८ नंतर मुंबई इलाख्यात इंग्रजी न्यायालये आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२७ साली कायद्यांची संहिता जाहीर झाली, आणि तिच्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशांना एक क्रम घालून दिला. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे पाहायचे. ते नसतील तर देशाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच सापडले नाही तर न्याय, समता व सद्सद्विवेक. त्याच वर्षी आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील हिंदू जातींचे कायदे व चालीरीती एकत्र करून छापल्या. सद्सद्विवेकाला या क्रमात सर्वांत शेवटची जागा होती आणि रिवाजाला दुसरी. इलाख्यातले पुढचे कितीतरी खटले या क्रमाने ठरले. ‘आमच्याकडे असेच चालत आले आहे’ हे वाक्य त्यामुळे कोर्टात पुरावा म्हणून मांडता येऊ लागले. मात्र त्यातच एक पेच होता, आणि तो महाडच्या दाव्यात निर्णायक ठरला : रिवाज सांगणाऱ्याला तो अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध करून दाखवावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात नीती आणि कायदा यांच्या नात्यावर जोरदार वाद झाले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेले. रानडे, भांडारकर आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. परकीय सरकारने कायद्याच्या जोरावर समाजाच्या चालीरीती बदलू नयेत, असे टिळकांचे म्हणणे होते. आगरकरांच्या विचाराला मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाची बैठक होती : ज्या चालीने माणसांचे दुःख वाढते ती पूर्वजांची असली तरी टाकून द्यावी. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ नेमका या सुखवादाला उत्तर देतो. परिणामांची बेरीज-वजाबाकी करून कर्माची योग्यता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही ते पाहावे लागते, असे सांगताना टिळकांनी कांट आणि ग्रीन यांचा आधार घेतला. १९१९ साली वामन मल्हार जोशी यांचे ‘नीतिशास्त्रप्रवेश’ आले आणि पाश्चात्त्य नीतिविचार मराठी वाचकाच्या हाती व्यवस्थित पडला. थोडक्यात, परिणाम, कर्तव्य आणि शील या तिन्ही कसोट्या मराठीत रुजल्या होत्या. त्या ज्यांना सर्वांत जास्त लागू व्हायला हव्या होत्या, ती माणसे मात्र त्या चर्चेच्या बाहेर होती.

त्या माणसांची चळवळ महाड परिसरात आधीच सुरू झाली होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक काढून धर्मपंडितांना विटाळाबद्दल जाहीर प्रश्न विचारले. कोकणात लष्करी पेन्शनर महारांची घरे बरीच होती. पलटणीत वाचायला-लिहायला शिकलेली, गोऱ्या साहेबाबरोबर लढाया केलेली ही माणसे गावी परतली की त्यांना पुन्हा वेशीबाहेर बसावे लागे. शिस्त, हुकूम आणि स्वाभिमान ही तिन्ही त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. महाडच्या सत्याग्रहात दिसलेल्या संयमाचे मूळ शोधताना पलटणीतल्या या संस्कारांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला आणि सरकारने तसा हुकूम काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर प्रश्न सुटला होता. पुढची तीन वर्षे एकही अस्पृश्य माणूस तळ्यावर गेला नाही, कारण गेला तर काय होईल हे त्याला माहीत होते. महाडची खरी गोष्ट येथे सुरू होते. कायदा अस्पृश्यांच्या बाजूने झाला होता आणि कायदा मोडत होते ते सवर्ण. तरीही ‘शांतताभंगाचा’ आरोप येणार होता तो तळ्यावर जाणाऱ्यावरच.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून माणसे जमवली होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांच्या भाषणात तळ्यापेक्षा माणसाच्या स्वतःच्या वागण्याबद्दलच जास्त होते : मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे मागू नका, मुलांना शाळेत घाला, आपल्याला हीन मानायचे बंद करा. हक्क मागणाऱ्याने आधी हक्काला साजेसे वागायला शिकावे, असा हा आग्रह वरकरणी सुधारकी वाटतो. पण त्यात एक कठोर निरीक्षण होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या खाली पाहायला शिकवले आहे, त्याला कायद्याने दिलेला हक्क वापरायलाही वेगळे शील घडवावे लागते.

दुसऱ्या दिवशी परिषदेचे लोक मिरवणुकीने बाजारपेठेतून तळ्याकडे निघाले. कोणी घोषणांचा गदारोळ केला नाही. डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतले आणि प्याले. मागोमाग बाकीचे प्याले. मग सगळे मांडवात परतले आणि जेवणाच्या तयारीला लागले. दोनेक तासांत गावात बातमी पसरली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. बातमी खोटी होती. लाठ्या घेऊन जमाव मांडवात घुसला. जेवायला बसलेल्यांना मारले, अन्न मातीत मिसळले. बाजारात एकटे-दुकटे सापडलेल्यांना गाठून झोडपले. काही जणांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डॉ. आंबेडकर उतरलेल्या बंगल्याभोवती जमलेल्या शेकडो माणसांत पलटणीतले जुने शिपाई होते. त्यांना फक्त एक शब्द हवा होता. तो शब्द डॉ. आंबेडकरांनी दिला नाही.

त्या संध्याकाळी हात उचलला गेला असता तर महाडचा इतिहास दंगलीच्या नोंदीत जमा झाला असता. कायदा अस्पृश्यांच्या बाजूने होता. तो सोडून लाठी उचलणे म्हणजे हातातली एकमेव जमेची बाजू टाकून देणे, हा परिणामांचा हिशेब झाला. पण तेवढ्याने जखमी माणसे थांबत नाहीत. ती थांबली याला शिस्त, नेत्यावरचा विश्वास आणि आपण चुकीचे काही केलेले नाही ही खात्री कारण होती. गांधींनी ‘यंग इंडिया’त या संयमाची बाजू घेतली. हल्लेखोरांपैकी पाच जणांना पुढे चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. इकडे महाडच्या सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली : पाण्याच्या १०८ घागरी काढल्या, त्यांत दूध, दही, गोमूत्र आणि शेण मिसळून मंत्रोच्चारात ते पुन्हा तळ्यात ओतले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव मागे घेतला. ज्या कायद्याच्या आधाराने तळ्यावर पाऊल ठेवले होते, तो स्थानिक पातळीवर असा परत खेचला गेला.

पुन्हा तळ्यावर जाण्याचे ठरले; तारखा २५ ते २७ डिसेंबर. मधल्या महिन्यांत ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पाक्षिकात डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रहाची नैतिक बाजू मांडली. ज्या कार्यासाठी आग्रह धरायचा ते कार्य सत्य असले पाहिजे, ही त्यांची पहिली कसोटी. आधार त्यांनी गीतेतला घेतला, आणि तो मुद्दाम. टिळकांनी गीतेतून कर्मयोग काढला होता. त्याच गीतेतून तळ्याच्या पाण्यावरचा हक्क काढता येतो, हे सनातन्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचे होते. याच सुमारास ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मण कार्यकर्त्यांना दूर ठेवावे अशी अट घातली. ती अट नाकारली गेली. विरोध जन्मजात उच्चनीचतेच्या वृत्तीला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाला नाही, हे कारण. चळवळीला माणसांची गरज असताना पाठिंबा नाकारणे हा परिणामांच्या हिशेबात तोटाच. तत्त्वाच्या हिशेबात दुसरा मार्ग नव्हता.

सनातन्यांनी आता लाठीऐवजी न्यायालयाचा मार्ग धरला. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला. हे तळे ‘चौधरी तळे’ असून भोवतालच्या सवर्णांच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असे दाव्यात म्हटले होते. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला : दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादींनी तळ्यावर जाऊ नये. मार्चमध्ये तळ्यावर जाणे कायद्याला धरून होते. डिसेंबरमध्ये तेच पाऊल न्यायालयाचा अवमान ठरणार होते. तळे तेच, पाणी तेच, तहानही तीच.

२४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघालेले प्रतिनिधी दासगाव बंदरावर उतरले आणि तेथून महाडला आले. परिषदेसाठी कोणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ तारखेच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली : पाणी प्याल्याने कोणी अमर होत नाही, आपण येथे समतेचा पाया घालायला जमलो आहोत, असा त्यांचा आशय होता. त्या रात्री, जन्माने ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचे दहन झाले. नैतिक सिद्धांताच्या दृष्टीने हे दहन म्हणजे नियमांच्या एका पुस्तकाचा अधिकार नाकारणे होते. त्यात कोणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धक्का लागला नाही, सरकारचा कोणताही कायदा मोडला गेला नाही. तरी सनातनी समाजाला मार्चच्या ओंजळभर पाण्यापेक्षा याचा घाव खोल लागला.

२६ तारखेचा दिवस चर्चेत गेला. तुरुंगात जायला तयार असलेल्या माणसांची नावे नोंदवली गेली होती. ती हजारांच्या घरात होती. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मत सत्याग्रह व्हावा असेच होते. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन सांगितले की सरकारची सहानुभूती आहे, पण न्यायालयाचा हुकूम पाळला पाहिजे. २७ तारखेला डॉ. आंबेडकरांनी स्वतः सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. सनातनी आणि सरकार अशा दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढू नये, हक्काचा निकाल न्यायालयात लागू द्यावा, असे त्यांनी समजावले. मग मिरवणूक निघाली. ती तळ्यापर्यंत गेली, तळ्याला वळसा घालून परत आली, आणि कोणी पाण्याला हात लावला नाही.

या निर्णयावर तेव्हा टीका झाली आणि अजूनही होते. दोन दिवसांची पायपीट करून आलेली, जेलची तयारी ठेवलेली माणसे पाण्याला न शिवता परतली. त्यांची निराशा खरी होती. पण पळ काढणे किंवा नमते घेणे असा या माघारीचा अर्थ लावणे चूक आहे. कायदेपालनाविषयीच्या सिद्धांतांशी ताडून पाहिले की तिचे वेगळेपण दिसते. कायद्याने मृत्युदंड दिला तेव्हा सुटका शक्य असूनही सॉक्रेटिसने तुरुंग सोडला नाही, कारण ज्या नगराच्या कायद्यांत तो वाढला त्यांचे त्याच्यावर ऋण होते. महाडच्या माणसांवर असे कोणतेही ऋण नव्हते. नगराने त्यांना वेशीबाहेरच ठेवले होते. बेंथमने १७७६ साली नागरिकाला सल्ला दिला तो हुकूम तत्परतेने पाळण्याचा आणि टीका मोकळेपणी करण्याचा. कांटनेही आधी आज्ञापालन, मग हवा तेवढा वाद, असेच म्हटले. या दोघांचा नागरिक कायदा पाळतो, पण कायदा त्याला माणूस म्हणून मोजतो हे गृहीतच धरलेले असते. ऑक्सफर्डचा टी. एच. ग्रीन याने १८७९-८० च्या व्याख्यानांत वेगळी अट घातली : कायद्याला विरोध करायचा तर तो केवळ स्वतःच्या आवडीसाठी नव्हे, सर्वांच्या हितासाठी आणि समाजाला पटू शकेल अशा कारणाने व्हावा. महाडचा निर्णय ग्रीनच्या विचाराच्या सर्वांत जवळ आहे.

मार्चमध्ये सवर्ण हल्लेखोरांविरुद्ध ज्या कायद्याकडे दाद मागितली, तोच कायदा डिसेंबरमध्ये आपल्याला अडवतो म्हणून झुगारणे, हे डॉ. आंबेडकरांना विसंगत वाटले असणार. ते स्वतः बॅरिस्टर होते आणि दाव्यात प्रतिवादीही. शिवाय मनाईहुकूम तात्पुरता होता, अंतिम निवाडा व्हायचा होता. अन्याय्य रूढी त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता मोडली. चुकीचा वाटणारा न्यायालयीन हुकूम मात्र न्यायालयातच उलटवायचे ठरवले. रूढीला उत्तर देण्याची जागा कोठेच नव्हती, न्यायालयात ती होती. दोन्ही कृत्यांमागची कसोटी एकच आहे, म्हणून मार्चची कृती आणि डिसेंबरचे पालन एकमेकांना खोडत नाहीत.

परिषद संपताना डॉ. आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. जातीची ओळख सांगणारी आखूड लुगडी आणि जड कथील-चांदीचे दागिने टाका, मुलींना शिकवा, घरात मेलेल्या जनावराचे मांस शिजवू नका. टिपणीसांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना लुगडे पायघोळ नेसून दाखवले. तळ्याच्या मानाने ही गोष्ट लहान वाटेल. शील रोजच्या सवयींतून घडते हे ॲरिस्टॉटलने सांगितले होते; महाडात ते लुगड्याच्या निऱ्यांपासून सुरू झाले.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाडच्या न्यायालयाने तो १९३१ साली फेटाळला, ठाण्यातले अपील १९३३ साली फेटाळले गेले, आणि सनातनी मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या अपिलाचा निकाल लागला. न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांच्या खंडपीठाने अपील फेटाळले. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याचा रिवाज अनादी काळापासून असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही, असा निष्कर्ष होता. एवढ्या मोठ्या जलाशयावर कोणी पूर्वापार एकट्याचा हक्क सांगत होते, हेच न्यायालयाला संभवनीय वाटले नाही. भोवती सवर्णांची घरे झाल्यावर ही वहिवाट पडली असावी. १८२७ च्या क्रमात रिवाजाला मिळालेली वरची जागा येथे रिवाजाच्या विरोधात गेली.

या निकालाची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून दावा फेटाळला गेला नाही. रिवाज शाबीत झाला नाही म्हणून फेटाळला गेला. शाबीत झाला असता तर निकाल काय लागला असता, ही शंका न्याय-नीतीच्या अभ्यासकाला छळत राहते. कायद्याने हक्क मिळाला, पण तो ज्या कारणाने मिळाला ते कारण माणुसकीचे नव्हते.

न्या. रॉबर्ट ब्रूमफील्ड हे नाव भारतीय कायद्याच्या इतिहासात आणखी एकदा येते. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनीच गांधींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. गांधींनी गुन्हा कबूल केला आणि कायदा योग्य वाटत असेल तर जास्तीत जास्त शिक्षा द्या, असे न्यायाधीशांना सांगितले. ब्रूमफील्ड यांनी गांधींचे मोठेपण मान्य केले, टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला दिला आणि कायद्याप्रमाणे शिक्षा सुनावली. एकाच न्यायाधीशासमोर कायद्याशी झगडण्याच्या दोन रीती पंधरा वर्षांच्या अंतराने आल्या. गांधींनी कायदा मोडून त्याची शिक्षा मागून घेतली. आंबेडकरांनी कायद्याला त्याच्याच शब्दांत उत्तर द्यायला लावले. गांधींच्या मागे बहुसंख्य समाजाची सहानुभूती होती. आंबेडकरांच्या विरुद्ध तोच बहुसंख्य समाज वादी म्हणून उभा होता. ही तफावत ध्यानात घेतली नाही तर दोघांची तुलना अन्यायाची होते.

दाव्याच्या अखेरच्या वर्षांत, १९३६ साली, डॉ. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ हे न झालेले भाषण छापले. त्यात नियम आणि तत्त्व यांतला फरक मांडला आहे. अमुक कर, अमुक पद्धतीने कर, एवढेच नियम सांगतो; तत्त्व माणसाला विचार करण्याची दिशा देते आणि निवड त्याच्यावर सोपवते. नियम पाळणारा यंत्रासारखा वागू शकतो, तत्त्वाने वागणारा आपल्या कृत्याला जबाबदार असतो, म्हणून खरी नीती तत्त्वांतच संभवते. हिंदू समाज ज्याला धर्म म्हणतो तो आज्ञा आणि मनाई यांचा साठा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचारामागे कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई दिसतात. ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या ‘एथिक्स’ ग्रंथात रूढीने चालणारी नीती आणि विचाराने ठरवलेली नीती असा भेद आहे. तळ्याची शुद्धी करणारे पहिल्या प्रकारात पूर्णपणे प्रामाणिक होते. त्यांच्यापैकी अनेक जण रोजच्या व्यवहारात सचोटीचे, दयाळूही असतील. पण मंत्र म्हणत १०८ घागरी काढताना त्या सचोटीने त्यांना थांबवले नाही. नियमपालनाने घडलेल्या शीलाची हद्द तेथे संपली.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जन्मदिनाच्या व्याख्यानात डॉ. आंबेडकर म्हणाले की हक्कांचे रक्षण कायद्यापेक्षा समाजाची नैतिक सद्सद्विवेकबुद्धी करते. समाजच हक्काच्या विरुद्ध उभा राहिला तर कायदा, विधिमंडळ आणि न्यायालय यांपैकी कोणीही त्याची हमी देऊ शकत नाही. १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत ‘सर्वांना खुल्या’ तळ्यावर कोणीच गेले नव्हते, हे या विधानाचे प्रत्यक्ष प्रमाण आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी संवैधानिक नीतीचा मुद्दा काढला : ती माणसात उपजत नसते, मशागत करून रुजवावी लागते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात ते एक पाऊल पुढे गेले. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईट ठरेल. आणि सनदशीर मार्ग खुले असताना असहकार व सत्याग्रह सोडून दिले पाहिजेत. ज्याने चवदार तळ्याचा सत्याग्रह केला त्याने सत्याग्रह सोडायला सांगावे, यात अनेकांना विरोधाभास दिसतो. १९२७ च्या डिसेंबरातले कारण आठवले की तो राहत नाही : दाद मागायला जागा असेल तर तेथे दाद मागायची. अर्थात ती जागा खरोखर खुली ठेवण्याची जबाबदारी राज्यावर येते. पाळण्याच्या कर्तव्याचा उच्चार करताना ही दुसरी बाजू विसरणारे आंबेडकरांचे अर्धेच वाक्य वाचतात.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, सार्वजनिक पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेद करता येणार नाही, असे लिहिले आहे. बोले ठरावाचे शब्द तेथे देशाच्या मूळ कायद्यात गेले. ते मोडणाऱ्याला शिक्षा देणारा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ साली झाला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने लागू आहे.